वाघ, शेळी आणि लर्निंग लायसन

साहेब, माझ्या उजव्या नडगीवर लिंबाएवढं टेंगूळ आलंय, त्याला तुम्ही जबाबदार आहात. शेजारच्या सावळेरामच्या कडब्याच्या गंजीला माणूस मावेल एवढं भगदाड पडलंय, त्यालाही तुम्हीच. अख्खं येडगाव मला आता नावानं हाक न मारता 'लर्निंग' म्हणतं, तेही तुमच्याच नावावर मांडा. तुमचं खातं कोणतं ते मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही म्हणणार, हा विषय आमच्याकडे येत नाही, शेजारच्या इमारतीत जा. मी शेजारच्या इमारतीत जाऊन आलोय. तिथला पंखा बंद होता आणि साहेब मीटिंगला होते. तेव्हा ज्यानं फळ्यावर एक लिहिलं आणि ज्यानं नाक्यावर दुसरंच सांगितलं, त्या सगळ्यांना मी एकच साहेब धरतो. पगार एकाच तिजोरीतून येतो, मला तेवढा पुरावा पुरे.

मी जुन्नरच्या एका वाचनालयात पुस्तकं देतो-घेतो. बारावी नापास झालो आणि त्यानंतर वाचायला लागलो, त्यामुळे कुणाला भ्यायचं असतं हे शिकवायचं माझ्या बाबतीत राहून गेलं. साहेबाला मी भीत नाही. बिबट्याला भितो. तो अर्ज घेत नाही.

विषय एवढाच आहे. माझी मुलगी स्नेहा मंचरला एका दवाखान्यात नर्स आहे. ड्यूटी सहाला सुटते. एसटीनं मनावर घेतलं तर सव्वासातच्या सुमाराला ती नारायणगावच्या स्टँडवर उतरते. तिथून आमच्या वस्तीपर्यंतचा रस्ता धरणाच्या अंगानं जातो आणि दोन्ही बाजूंना ऊस. ऊस म्हणजे तुम्हाला साखर. आम्हाला ते बिबट्याचं माहेर आणि सासर दोन्ही. त्याच्या कितीतरी पिढ्या त्या उसातच जन्मल्या. आता त्याला जंगलात नेऊन सोडलं तर तो पाहुण्यासारखा अवघडून बसेल.

या रस्त्यावरून मी स्नेहाला रोज स्कूटीवर आणायचो. लग्नाच्या आधीपासून मी स्कूटरवालाच. स्कूटर ही संसारी माणसाची गाडी. पायात गव्हाचं पोतं राहतं, गॅसची टाकी राहते, स्नेहा तर बालवाडीत तिथंच उभी राहून गेली. पण दिवाळीनंतर कालव्याच्या वळणावर एका दूधवाल्याच्या गाडीवर बिबट्यानं झेप टाकली. दूधवाला वाचला, किटली लवंडली. आणि आमच्या घरी बैठक बसली.

"पोरीला घरी बसीव," आई म्हणाली. माझी आई शकुबाई विहारात वंदनेला जाताना बिबट्या बिचकावा म्हणून बायकांचा घोळका करून थाळी वाजवत जाते. म्हणजे तिचा मुद्दा नुसता बोलण्यातला नव्हता.

"आजी, मी घरी बसले तर बिबट्या रिटायर होणार आहे का?" स्नेहा.

"त्यो न्हाई व्हायचा. पर तू तरी ऱ्हाशील. तुझा बाप त्या डबड्यावर तुला आणतो. डबडं म्हातारं, बाप म्हातारा. वाघाला कोण निवडू असं व्हईल."

"मी नोकरी सोडणार नाही," स्नेहा म्हणाली. आवाज चढवला नाही. ती चढवत नाही, म्हणूनच काळजी वाटते. त्या नोकरीसाठी तिनं कुणाची चिठ्ठी नेली नव्हती. पहिल्या दिवशी पांढरा ड्रेस घालून निघाली तेव्हा हीच शकुबाई विहारापर्यंत सगळ्या दारांवर थांबून सांगत गेली होती, आमची स्नेहा ड्यूटीवर चालली.

माझी बायको स्वप्ना दोघींच्या मध्ये बसली होती. शेवटी आईनं तोडगा काढला: महिनाभर बघते. तेवढ्यात पोरगी धडपणे घरी यायची सोय कर. न्हाईतर राजीनामा. हे सगळं ती माझ्याकडे बघून बोलली, जणू बिबट्या मीच पाळला होता.

आता सावळेराम. हा आमच्या भागातला बिबट्याचा जाणकार. त्याची पात्रता अशी की त्याचं कुत्रं बिबट्यानं नेलं आणि त्यानं शेपूट पाहिलं. कुणाचं शेपूट ते अजून ठरलेलं नाही. तो गोठ्यातून हात पुसत आला आणि माझ्या स्कूटीभोवती एक चक्कर मारली.

"भाऊ, तुमी हिच्यावर बसता तवा गुडघं म्होरं, बूड खाली. लांबून वाघाला काय दिसतं? बसलेलं शेरडू. मागं पोरगी, म्हंजी शेरडू आन् करडू. आन् आवाज कसा, तर डास गुणगुणल्यावानी. त्यो म्हणनारच की, या जेवाया."

"मग काय करायचं?"

"उंच गाडी घ्या. जुनी, लोखंडाची. धडाधडा वाजनारी. नव्या गाड्यांला वाघ सोडा राव, कोंबडंबी बाजूला व्हत न्हाई."

मी हसण्यावारी नेलं असतं. पण साहेब, तुमचा फळा आडवा आला. कालव्याच्या वळणावर तुम्हीच लावलाय. 'बिबट्याचा वावर असलेले क्षेत्र. अंधार पडल्यावर एकटे फिरू नये. बाहेर पडताना आवाज करत जावे.' खाली 'हुकमावरून'. आता ज्या गोष्टीवर सावळेराम आणि सरकार दोघांचं एकमत होतं, ती खोटी कशी असेल? मी सरकारचं ऐकलं. माझ्या सगळ्या भानगडीचं मूळ हे आहे. पुढचं नुसतं पीक.

स्वप्नानं एकदाच विचारलं, "अहो, पेलवेल का तुम्हाला? गॅसची टाकी बदलायला तुम्ही सावळेरामभाऊंना हाक मारता." मी गाडीची चौकशी करायला बाहेर पडलो. काही प्रश्नांना मौन हेच शोभतं, विशेषतः ते खरे असतील तर.

गाडी मिळाली मढला. भरत नावाचा रिटायर कंडक्टर, त्याच्या गोठ्यात साडेतीनशे सीसीची फटफटी उभी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कळणाऱ्यांना आवाजावरून कळेल. स्नेहापेक्षा वयानं मोठी, पण कागद साफ, तपासणी झालेली. टाकी म्हशीच्या पाठीसारखी काळीभोर. मी हात ठेवला आणि छातीत काहीतरी झालं. पन्नाशीच्या माणसाच्या छातीत काही झालं की आधी ते प्रेम आहे का ॲसिडिटी हे तपासावं लागतं. प्रेमच होतं.

फक्त सीटवर एक टोपली होती आणि टोपलीत कोंबडी.

"ती उठवायची न्हाई," भरतची बायको कुशाबाई चुलीकडूनच बोलली. "खुडूक हाय. अंड्यावर बसलीया. मुंगसाच्या भ्यानं वर ठिवलीय. पिल्लं निघाली की गाडी न्या."

"टोपली उचलून दुसरीकडं ठेवली तर?"

"जागा बदलली की उठती ती. मग अंडी जात्यात. तुमच्या मंडळींची बाळंतपणात कुणी खाट हलवली व्हती का?"

भरतनं माझ्याकडे बघून मान हलवली. या मुद्द्यावर त्याच्या घरात चर्चा होत नसावी. मी हात जोडून परत आलो. आईचा महिना चालू झाला होता आणि माझी गाडी एका कोंबडीच्या ताब्यात होती. दर रविवारी मी स्कूटी घेऊन मढला जायचो, कोंबडीची तब्येत विचारायचो, भाकरी खायचो, यायचो. तिकडं स्नेहा रोज माझ्या मागं बसून त्याच वळणावरून येत होती आणि मी हळू आवाजात हॉर्न दाबत होतो, शेरडासारखा. एकदा कोंबडीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिच्या जागेवर बसायला आलोय. शेवटी पिल्लं निघाली. एक अंडं फुटलं नाही. कुशाबाई म्हणाली, ते तुमच्या घाईनं.

गाडी मी चालवत आणली नाही. भाताच्या पोत्यांबरोबर पिकअपमध्ये आणली आणि वस्तीच्या अलीकडं उतरवून चालवत आल्यासारखी ढकलत आणली. तरी वस्ती जमलीच. भरत माझ्याबरोबर आला होता, त्यानं सगळ्यांदेखत शिकवलं. ही गाडी जुन्या घडणीची, हिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, नव्या गाड्यांच्या उलट. हे मी पाठ केलं. उजवा गिअर, डावा ब्रेक. मला नव्या गाड्यांची सवयच नव्हती, त्यामुळे विसरण्यासारखं काही नव्हतं. अडाणीपणाचाही फायदा असतो असं मी स्वप्नाला म्हणालोसुद्धा.

पण डाव्या हाताबद्दल कुणी काही बोललं नाही. साहेब, वर्षानुवर्षं स्कूटी चालवणाऱ्या माणसाचा डावा हात हा ब्रेकचा हात असतो. संकट दिसलं की तो आपोआप आवळतो. मी निघालो, गाडी निघाली, आवाज असा की पाण्याच्या टाकीवरची कबुतरं धरणापलीकडं गेली. सायलेन्सर खालून सडून त्याला भोक पडलं होतं, त्यातून तो आवाज यायचा. समोर सावळेरामची कडब्याची गंजी. गंजीवर सावळेराम पेंढ्या खाली टाकत होता. मी शांतपणे डावा हात आवळला. गाडी थांबली नाही. उलट सुटल्यासारखी झाली. मी आणखी आवळला. जितका ब्रेक दाबावा तितकी ही मोकळी धावते, म्हणजे गाडीत काहीतरी वाईट शक्ती आहे असं माझ्यासारख्या बुद्धिवादी माणसाच्याही मनात आलं. मग कडबा आला.

पाठोपाठ सावळेराम आला. उतरला नाही, आला.

"भाऊ," तो कडब्यातून म्हणाला, "बिरेक लावायचा व्हता."

"लावला होता. डाव्या हाताचा पूर्ण लावला होता."

"त्यो क्लच हाय."

वस्तीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. आई हसली नाही. ती म्हणाली, "हा पोरीला आणनार."

आठवडाभर मी पहाटे मोकळ्या माळावर गाडी शिकलो. डावा हात आवळला की स्वतःलाच शिवी द्यायची, असा नियम केला. शिव्या संपल्या तेव्हा गाडी आली. पहिल्या संध्याकाळी स्टँडवर गेलो, स्नेहा उतरली, गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, ओढणी गळ्याभोवती गुंडाळून मागं बसली. कालव्याच्या वळणावर गाडी अशी गरजली की उसातून टिटव्या उठल्या. घरी पोचलो तर आई दारात उभी. "फाट्यापासनं ऐकू आलासा," ती म्हणाली. एवढंच. पण त्या रात्री राजीनाम्याचा विषय निघाला नाही. मला वाटलं, जिंकलो.

मग गाडी नावावर करायला जुन्नरला गेलो. तिथं कचेरीबाहेर एक एजंट टेबल टाकून बसतो, गोरख. त्यानं माझं लायसन उलटंसुलटं केलं आणि चहावाल्याला बोलावून दाखवलं.

"भाऊ, हे विनागिअरचं हाय."

"शक्य नाही. माझी पहिली स्कूटर गिअरची होती. हातात गिअर. स्कूटी आल्यावर हात ते विसरला, एवढंच."

"टेस्ट कशावर दिली व्हती?"

मला आठवलं. टेस्टच्या दिवशी स्कूटर पंक्चर होती. मेव्हण्याच्या मोपेडवर दिली होती. म्हणजे मी एवढी वर्षं कायद्यानं फक्त मोपेड होतो.

"आता लर्निंग काढा," गोरख म्हणाला. "महिन्यानं टेस्ट. पुढं-मागं लाल एल लावा. आन् एक हाय, महिनाभर एकट्यानं चालवायची न्हाई. मागं लायसनवाला बसला पायजे, शिकवनारा म्हणून. दुसरं कुणी न्हाई, फक्त त्यो."

लहान पोराच्या चड्डीला ठिगळ लावावं तसा त्या काळ्याभोर गाडीवर मी लाल एल लावला. त्याच दिवशी माझं बारसं झालं. 'लर्निंग, वाचनालय उघडं हाय का?' असं पोरं विचारायला लागली.

पण खरी मजा पुढं आहे. स्नेहाकडं गिअरच्या गाडीचं लायसन आहे, नर्सिंगच्या वसतिगृहात असताना मैत्रिणीच्या गाडीवर काढलेलं. म्हणजे तिला मागं बसवून घरी येताना मी कायदेशीर. ती माझी शिकवणारी. पण तिला आणायला एकटा जाताना मी गुन्हेगार. जाताना लायसनवाला म्हणून सावळेरामला मागं बसवलं तर जाणं कायदेशीर, पण येताना तिघं कसे बसणार? सावळेराम स्टँडवर उरतो. त्याला आणायला परत जावं तर पुन्हा मागं लायसनवाला पाहिजे, म्हणजे स्नेहा. म्हणजे ती पुन्हा उसातून. शाळेत वाघ, शेळी आणि गवताच्या भाऱ्याचं कोडं होतं, एका होडीतून पलीकडं न्यायचे. त्या कोड्याला उत्तर तरी होतं. ते गुरुजींनी घातलं होतं, तुम्ही नव्हतं.

"तुम्ही स्कूटीवर या ना मग महिनाभर," स्नेहा म्हणाली.

"आई काय म्हणेल?"

"मी चालवते फटफटी. तुम्ही मागे बसा."

मी एलचं सुटलेलं टोक दाबून बसवायला लागलो. तिला कळलं. तिनं विषय बदलला, हा तिचा चांगुलपणा. घरात सगळ्यांना कळलं आणि कुणीच विषय बदलला नाही.

शेवटी ठरलं, सावळेराम जाताना मागं बसेल आणि येताना नारायणगावात त्याच्या मेव्हण्याकडं मुक्काम करेल, नाहीतर दुधाच्या गाडीतून येईल. तो आनंदानं तयार झाला. शिकवणारा म्हणून मिरवायची त्याला हौस. हातात काठी घेऊन बसायचा.

तिसऱ्या संध्याकाळी नाक्यावर तुमच्या माणसानं हात केला. पोरगेलासा, गणवेश नवाकोरा. त्यानं एल बघितला, माझे पिकलेले केस बघितले.

"शिकताय?"

"हो."

"शिकवणारं कोण?"

"मी," सावळेराम काठी आपटून म्हणाला.

तुमचा माणूस गाडीभोवती फिरला. डाव्या बाजूला वाकला. "याचा गिअर कुठंय?"

"उजवीकडं."

तो उजवीकडं आला. "हा फेरफार कुणी केला?"

"कंपनीनं," मी म्हणालो. "तुमच्या जन्माआधी."

हे मी म्हणायला नको होतं, असं सावळेरामनं मला नंतर सांगितलं. पण मी खरं तेच बोललो. तुमच्या माणसानं ओठ आवळले आणि म्हणाला, "चालू करा." मी किक मारली. नाक्यावरच्या टपरीत चहाचे ग्लास वाजले.

"सायलेन्सर फुटलाय. ध्वनिप्रदूषण. आठ दिवसांत बदलून दाखवा, नाहीतर गाडी उचलू."

मी मोबाइल काढला, फळ्याचा फोटो दाखवला. आवाज करत जावे. हुकमावरून.

त्यानं फोटो मोठा करून वाचला, हे मान्य करतो. मग म्हणाला, "हा फळा आमच्या खात्याचा नाही."

"पण बिबट्या सगळ्या खात्यांचा आहे," मी म्हणालो. सावळेरामनं मागून माझा शर्ट ओढला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी फळेवाल्या खात्यात गेलो. टेबलामागं एक बाई होत्या. मी म्हणालो, "मला आवाज करायची लेखी परवानगी पाहिजे."

"कसला आवाज?"

"गाडीचा. तुम्हीच करायला सांगितलाय."

त्यांनी खणातले कागद चाळले. "आवाजाचा अर्ज आमच्याकडे नाही. बिबट्या दिसल्याचा आहे. दिसला का?"

"अजून नाही."

"मग दिसल्यावर या."

मी विचारलं, दिसल्यानंतर मी येऊ शकेन याची खात्री खातं देतं का. त्या हसल्या. माणूस म्हणून बऱ्या होत्या. पण म्हणाल्या, साहेब मीटिंगला आहेत.

नवा सायलेन्सर बसवला. गाडी अशी गप्प झाली की मला माझ्याच छातीचे ठोके ऐकू यायला लागले. सगळा डाव फुकट. एवढी जड, एवढी उंच, उजव्या पायाला गिअर असलेली गाडी, आणि आवाज वाचनालयातल्या वाचकासारखा. सावळेरामला राहवलं नाही. त्याचे बैल गाडा शर्यतीच्या घाटात पळतात, त्यांची घुंगुरमाळ त्यानं हँडलला बांधली. आता मी निघालो की झुळुकझुळुक, झुळुकझुळुक. गावात पोरं विचारायची, लर्निंग, गाडा कुठल्या घाटात? आणि नाक्यावर तुमच्याच त्या माणसानं पुन्हा हात केला. घुंगुरमाळ हातात धरून त्यानं एकदा वाजवून बघितली. मग म्हणाला, "काका, वाहनावर असं काही बांधता येत नाही. सोडा." पावती फाडली नाही. त्याचे उपकार मी नोंदवून ठेवतो. पण माळ सुटली.

आणि मग मागच्या गुरुवारची संध्याकाळ. सावळेराम बैल घेऊन आंबेगावात शर्यतीला गेलेला. मी एकटाच निघालो. बेकायदा निघालो, हे लिहून देतो. नाक्यावर कुणी नव्हतं. स्नेहा उतरली, मागं बसली आणि मी पुन्हा कायदेशीर झालो. थंडी होती. तिनं स्वेटरची बटणं लावली.

कालव्याच्या वळणावर गाडी बंद पडली.

मी किक मारली. या गाडीची किक नीट मारली नाही तर ती उलटी मारते. तिनं मारली, नडगीवर. दिवा पिवळा झाला, मग विझला. आजूबाजूला ऊस माणसाच्या डोक्यावरून दोन हात. स्नेहानं मोबाइलची बॅटरी लावली. मी पुन्हा किक मारली. आणि उजव्या बाजूचा ऊस हलला. वारा नव्हता.

थांबला. मग थोडा पुढं हलला. आम्ही होतो त्या दिशेनं.

मी खिशाकडं हात नेला. स्नेहानं मनगट धरलं. "घरी फोन करू नका. आजीला कळलं तर उद्यापासून माझी ड्यूटी संपली."

"मग काय करू?"

"ओरडा, पप्पा."

"काय ओरडू?"

"काहीही. आपण ढकलत जाऊ. मोठ्यानं ओरडा."

साहेब, जयंतीच्या मिरवणुकीत घोषणा द्यायला मी पहिला असतो. माझा आवाज वेशीवरून जातो. त्या वेळी एकही घोषणा आठवेना. मी मुलीकडं बघितलं. ती गाडीच्या मागं उभी होती, ड्रेसवर स्वेटर, एका हातात मोबाइल, दुसरा हात सीटवर. ती घाबरली होती. ती दवाखान्यात रक्त बघून घाबरत नाही आणि त्या क्षणी घाबरली होती आणि तरी तिला उद्याच्या ड्यूटीची काळजी होती. ते बघून माझ्या तोंडातून जो पहिला शब्द निघाला तो होता, "साहेब."

एकदा निघाल्यावर थांबेना. मी गाडी ढकलत होतो आणि त्या उसाला सांगत होतो. साहेब, तुम्ही फळा लावला, मी वाचला. साहेब, तुम्ही सांगितलं म्हणून मी जुनी गाडी घेतली. साहेब, माझी पोरगी काय गुन्हा करते, पेशंटला सलाईन लावते. साहेब, तिनं सहाला सुटून रात्र व्हायच्या आत कुठल्या विमानानं यायचं? वरचा सगळा मजकूर मी आधी तिथं बोललो, त्यात आणखीही बरंच होतं, ते छापता येणार नाही. स्नेहा मागून ढकलत होती आणि मी दमलो की ती सुरू करायची, "आणि एसटीचं सांगा, पप्पा." मी एसटीचं सांगायचो. उजवीकडचा ऊस काही अंतर आमच्याबरोबर हलत आला. मग मागं राहिला. तो बिबट्या होता, डुक्कर होतं, का कुणाचं चुकलेलं वासरू, मला माहीत नाही. जे काही होतं त्यानं माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि रस्ता दिला. एवढं तुमच्या एकाही टेबलावर झालेलं नाही.

वस्तीच्या तोंडाशी आई, स्वप्ना आणि बायका थाळ्या घेऊन उभ्या होत्या. त्यांना वाटलं होतं मी कुणाशी तरी मारामारी करतोय. फोन केला नाही तरी सगळं कळायचं ते कळलंच. आईनं स्नेहाचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला. माझा बघितला नाही. मग म्हणाली, "बोर्ड म्हनतो वरडा. नाक्यावरचा म्हनतो वरडू नको. तू सरकारला इचार, खरं काय त्ये. लिहून आण. कागुद आला तर पोरगी जाईल. न्हाई आला तर म्या पांडरा डरेस पेटीत घालनार."

"आजी," स्नेहा म्हणाली.

"तू गप. तुला जित्ती ठिवायचंय मला."

स्नेहानं एका मैत्रिणीशी पाळी बदलून घेतली आहे. या आठवड्यात ती सकाळी जाते, उन्हात परत येते. सोमवारपासून पुन्हा सहाला सुटणार. ड्रेस धुऊन, इस्त्री करून खुंटीला टांगलाय, आणि आई त्याच्याच खाली पलंग ओढून झोपते.

तेव्हा साहेब, कोणत्याही खात्याचे असा, मला चहा नको, चर्चा नको, शेजारच्या इमारतीचा पत्ता नको. सोमवारी सव्वासातला माझी मुलगी नारायणगावच्या स्टँडवर उतरणार आहे. मी आवाज करत जाऊ, का गप्प जाऊ? आणि गप्प गेल्यावर ऊस हलला तर मी कुणाच्या नावानं ओरडू, तुमच्या का तुमच्या शेजारच्या? दिसल्यावर या, असं सांगू नका. उत्तर लेखी द्या, खाली सही करा, आणि सही कुणाची ते वाचता येईल अशी करा. माझ्या आईला ती वाचून दाखवायची आहे.